रस्ता पुन्हा मोकळा झाला, रहीमभाई

रहीमभाई, तुमची शिलाई मशीन भाभींनी आत नेली आणि ट्रकवाल्यांना ते दुसऱ्याच दिवशी कळलं. कोणी सांगितलं, मला माहीत नाही. सकाळचा पहिला ट्रक वळणावर नेहमीसारखा थबकला. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून तुमच्या जागेकडे पाहिलं. तिथे खाट नव्हती, मशीन नव्हती, तुम्ही नव्हता. मग त्याने गाडी अशी सोडली की आमच्या दाराचा पडदा आत उडाला आणि ताटात धूळ पडली. संध्याकाळपर्यंत सगळे तसेच जायला लागले.

आमची सुलोचना ताट पुसत म्हणाली, "भाऊजींची माती अजून ओली हाय, अन् हे पाहा."

सुजाता त्या वेळी विहिरीवर होती आणि ती रस्ता ओलांडून परत येईपर्यंत मी दारातून हललो नाही. ती आली, घागर उतरवली, आणि विचारलं, "बाबा, असे काहून पाहून राह्यले?" आठ वर्षांच्या मुलीला काय सांगायचं?

तुम्हाला सांगतो, कारण तुम्हीच एक असे होता की ज्यांच्याशी या रस्त्यावर मला भांडता यायचं.

आपली गल्ली मुळात रस्ता नव्हतीच. नागपूर-हैदराबादचा मोठा रस्ता गावाबाहेरून नाक्यावर जातो. पण पांढरकवड्यात नवा आलेला ड्रायव्हरही आठवड्याभरात शिकतो की आपल्या गल्लीतून गाडी घातली तर जकातीचा नाका चुकतो. आणि चोरवाटेने जाणारा माणूस हळू जात नसतो. आमची घरं एका हाताला, तुमचं घर, विहीर आणि शाळेची वाट दुसऱ्या हाताला. म्हणजे पाणी असो की पाटी, आमच्या बायका-पोरांना दिवसातून किती वेळा तरी त्या चाकांच्या पुढून जावं लागतं.

बाकीच्यांना ट्रक दिसायचा. मला त्याचं वजन दिसायचं. कापसाच्या जिनातल्या वजनकाट्यावर माझी उमर गेली. एका गाठीचं वजन किती, एका गाडीवर गाठी किती चढतात, हे मला झोपेतही सांगता येतं. कासरा ओढला की बैल दोन पावलांत थांबतो. गाठींनी भरलेली गाडी आपल्या उतारावर विहिरीपाशी ब्रेक मारते आणि आमच्या दारापुढे येऊन थांबते. एकदा घसरलेल्या चाकांची खूण मातीत राहिली होती, ती मी पावलांनी मोजली आणि तुम्हाला बोलावून दाखवली.

तुम्ही म्हणालात, "बाबू, तुम्ही तं गाडी दिसली का तिले काट्यावर चढवता. जरा तिच्यातल्या माणसाले पाहात जा."

"माणूस दिसतच नाही इतक्या वेगात जातो तो."

"थेच तं सांगून राह्यलो," तुम्ही म्हणालात, आणि दोरा दातांनी तोडलात.

आपण दोघं ठाण्यावर गेलो, आठवतं? मी अर्ज नेला होता. त्यात ट्रकांचे नंबर होते, येण्याजाण्याच्या वेळा होत्या, वळणाचं अंतर होतं. जमादाराने अर्ज उलटा धरला, सुलटा धरला आणि विचारलं, "कोणी मेलं काय?"

"अजून नाई, साहेब," तुम्ही म्हणालात. "मेल्यावर यायचं होतं काय?"

"मग लिहून घेता येते," तो म्हणाला. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

परत येताना तुम्ही इतके हसलात की रस्त्यात बसावं लागलं. मला हसू आलं नाही. 'अजून नाई' हे तुमचे दोन शब्द मला घरापर्यंत चावत होते.

त्यानंतर तुम्ही तो उतारा काढलात. मला अजूनही त्याच्यावर बोलायचं आहे. आपला तो वाद संपलेला नाही.

"ड्रायव्हर पोलिसाले भेत नाई, बाबू. थो एकाच गोष्टीले भेते. बंपरवर पाह्य, लिंबू-मिरच्या टांगून राह्यते. रस्त्यात उतारा ठेवला तं त्याच्यावरून चाक घालन काय थो? बापजन्मात नाई."

"मिया माणूस उतारा ठेवणार?"

"अन् बुद्धाचा माणूस मले लिंबू आणून देणार!"

तुम्ही टाळीसाठी हात पुढे केलात. मी दिली नाही. लिंबूही दिलं नाही. छप्पनला नागपूरहून दीक्षा घेऊन आलो तेव्हा आम्ही घरातला देव्हारा उतरवला. माझी आई त्या रिकाम्या कोनाड्याकडे पाहून किती दिवस जेवली नव्हती, ते तुम्ही समोरून पाहिलं आहे. तिच्या मनातली भीती काढता काढता आम्ही थकलो. चौकातल्या लिंबाला पाय लागला म्हणून ताप आला, भुताने धरलं म्हणून गाय आटली, हे सगळं आम्ही एकेक करून घराबाहेर काढलं होतं. तीच भीती आता मी माझ्या हाताने माझ्याच दारापुढे मांडायची?

तुम्ही म्हणालात, "आपण कुठं मानतो? मानते थो गाडीवाला. त्याचं भेव त्याच्या जवळ. आपण फक्त त्याले कामाले लावायचं."

"भीती कोणा एकट्याची राहत नसते, रहीमभाई."

"तुम्ही लई विचार करता."

आणि तुम्ही कामाला लागलात. पिवळा भात, लिंबू, गुलाल, आणि तुमच्याकडच्या काळ्या चिंध्यांची बाहुली. शिंप्याचा हात! तुम्ही तिला लाल दोऱ्याचे डोळे केलेत, पोलक्याला बारीक झालर लावलीत. मी म्हटलं, "इतकी सुबक केलीत तर ड्रायव्हर उचलून घरी नेईल लेकीला." तुम्ही म्हणालात, "काम थे कामच, बाबू. भुताचं असो का नवरीचं."

उतारा रस्त्याच्या मधोमध ठेवला. तुमचं खरं निघालं, मी मान्य करतो. पहिलाच ट्रक करकचून थांबला. ड्रायव्हरने कानाला हात लावला, दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या, आणि गाडी अशी हळू काढली की मागून शेळी पुढे गेली. तुम्ही माझ्याकडे पाहून भुवया उडवल्यात.

पण दुसऱ्या दिवशी सखूकाकी घागरी घेऊन निघाल्या आणि बाहुली पाहून जागीच थिजल्या. "माय वं माय! कोणाच्या घरचं हाय हे? मी नाई जात बाप्पा पाण्याले."

तुम्ही दारातून ओरडलात, "अवो काकी, भिऊ नका, मीच शिवलं थे!"

"तू शिवलं? मंग तं अजूनच नाई जात!"

सगळी आळी हसली, पण पाण्याला कोणी गेलं नाही. त्या दिवशी सुलोचनाने एकटीने तीन घरांचं पाणी भरलं. आणि माझी सुजाता, जी दीक्षेनंतर जन्मली, जिच्या कानावर यातलं काही पडूच नये म्हणून आम्ही जपलं, ती मला शाळेतून येऊन म्हणाली, "बाबा, थ्या बाहुलीच्या डोळ्यात पाह्यलं तं माणूस मरते म्हणते." मी तिचा हात धरून तिला बाहुलीपाशी नेलं, चिंध्या दाखवल्या, टाके दाखवले. ती बघत होती, पण तिचा हात माझ्या हातात गार पडला होता. त्या गार हाताचा हिशेब तुमच्याकडे मागायचा राहून गेला आहे.

दुसरी गोष्ट मी तुम्हाला वेळेवर सांगितली होती. ड्रायव्हर उताऱ्यावरून जात नव्हते, खरं. पण ते त्याला वळसा घालत होते. त्या हाताला विहिरीचा काठ आणि दगड, म्हणून वळसा आमच्याच बाजूने. चाकोरी रोज ओट्याकडे सरकत होती. मी तुम्हाला ती मातीत दाखवली. तुम्ही म्हणालात, "हळू तं जाऊन राह्यले ना?" हळू जात होते, तोवर ठीक होतं. सवय झाली की माणूस भीतीलाही वेगानेच वळसा घालतो.

ती दुपार टळून गेल्याची वेळ होती. सुजाता ओट्यावरच्या रांजणापाशी पाटी धूत होती. मी नुकताच जिनातून आलो होतो, वहाण काढत होतो. हॉर्न नाही, काही नाही, एकदम अंधार झाल्यासारखा ट्रक दारात आला. बाहुलीला चुकवायला त्याने गाडी ओढली, आणि पुढचं चाक ओट्यावर चढलं. रांजण फुटला. पाणी सगळीकडे. मला सुजाता दिसत नव्हती. किती वेळ दिसत नव्हती ते मी, सगळं मोजणारा माणूस, आजही सांगू शकत नाही. मग ती भिंतीला चिकटलेली दिसली, हातात पाटीचा अर्धा तुकडा. रडतही नव्हती.

तुम्ही अनवाणी धावत आलात. तिला उचललंत, तिचे हात-पाय चाचपलेत, आणि मग रस्त्याच्या मध्ये गेलात आणि बाहुली उचलून चुलीत घातलीत. माझ्याकडे पाहिलं नाहीत. मी म्हणू शकलो असतो, सांगितलं होतं ना. म्हणालो नाही. ते बरं केलं, असं आता वाटतं.

दुसऱ्या सकाळी तुम्ही मशीन बाहेर आणलीत. विहिरीच्या कडेला, रस्त्याला लागून. एक खाट, वर टरपालीचा तुकडा, आणि तुम्ही.

"हे काय?"

"बाहुली हालत नाई, बाबू, म्हणून तिले वळसा घालते. माणसाचा भरवसा नाई. थो कवा उठन, कुठं जाईन, सांगता येत नाई. म्हणून त्याच्यापाशी गाडी हळू होते."

"आणि झाली नाही तर?"

"मंग जमादाराले लिहून घेता येईन."

मला तुमचा राग आला. खरं सांगतो, त्या रागाच्या खाली भीतीच होती. रोज जिनात जाताना मी मागे वळून पाहायचो की तुम्ही आहात ना. काट्यावर वजन घालताना बाहेर ट्रकचा ब्रेक वाजला की हातातलं माप थांबायचं. आमच्या लेकीसाठीची भीती मी घरात बोलून दाखवायचो. तुमच्यासाठीची कोणालाच दाखवली नाही. तुम्हाला तर नाहीच. दोन पुरुष माणसं, समोरासमोर दारं. काय म्हणायचं?

आणि तुम्ही तर मजेत. येणाऱ्या ट्रकला तुमची हाक ऐकू यायची, "ए मेरे राजा, बाही उसवली तुझी! थांब!" बिचारा ब्रेक मारून आपली बाही पाहायचा. बाही धड असायची. तोवर तुम्ही खिडकीपाशी पोचलेले. "बाही नाई तं गादी उसवली असन. दाखव." आणि गादी खरंच उसवलेली असायची. ट्रकवाल्याची गादी कधी धड असते? तुम्ही ती तिथेच शिवून द्यायचात. भाभी आतून चहा पाठवायच्या. कोण कुठला, पोरं किती, बायको माहेरी का गेली, सगळं तुम्हाला महिनाभरात माहीत. मग तेच ड्रायव्हर वळणाआधीच गाडी हळू करायला लागले, आणि जाता जाता "सलाम चाचा" म्हणायला लागले. बायका पुन्हा बोलत-हसत पाण्याला जाऊ लागल्या. सखूकाकी तुमच्या खाटेवर घागर टेकवून दम खायच्या आणि तुम्हालाच शिव्या द्यायच्या, "रस्त्यात बसला भिकाऱ्यावानी."

मी तेव्हाही खोडा घालायचो. तुम्ही शुक्रवारी नमाजाला गेलात की तेवढ्या वेळात गाड्या पुन्हा उधळायच्या. मी ते तुम्हाला दाखवलं. म्हटलं, "एका माणसावर टेकलेला बंदोबस्त त्या माणसाबरोबर उठतो. गाडी थांबवायला काहीतरी पक्कं पाहिजे. उद्या तुम्ही नसलात तर?"

"कुठं जाऊन राह्यलो मी?"

"बोलण्यापुरतं म्हणतो."

"बोलण्यापुरतं म्हणता, तं बोलण्यापुरतं ऐका. मी नसलो का तुम्ही बसा."

मी म्हणालो, "मला ते जमायचं नाही." तुम्ही मशीनचं चाक फिरवलंत. इथे आपलं बोलणं थांबलं. पुन्हा त्या विषयावर आपण आलोच नाही.

मी इतके महिने एकाच मरणाची भीती धरून बसलो होतो, रहीमभाई. ट्रकची. त्याचा आवाज कसा येईल, मला बोलवायला कोण धावत येईल, मी काय पाहीन, हे सगळं माझ्या डोक्यात तयार होतं. आणि तुम्ही तापाने गेलात. घरात, खाटेवर, छातीत कफ दाटून. डॉक्टरने सुया दिल्या, भाभींनी काढे दिले. मी उशाशी बसलो होतो तेव्हा तुम्हाला दम लागत होता, तरी बाहेर ट्रक आला की तुमचे डोळे दाराकडे जायचे. एकदा म्हणालात, "हा कोन आला?" मी म्हणालो, "झोपा." मला ठाऊक नव्हतं कोण आला ते.

जनाजा निघाला तेव्हा मीही खांदा दिला. नाक्यापर्यंत दोन्ही बाजूंना ट्रक उभे होते. खाली उतरून उभे राहिलेले ते ड्रायव्हर मी प्रथमच पायांसकट पाहिले. एक अगदी पोरगेला होता, त्याच्या पायात वहाणही नव्हती. मला वाटलं, आता हे सुधारतील. पण उभे राहिलेले ते थोडेच, जाणारे पुष्कळ. ज्यांना तुम्ही ओळखत होता तेही रोज नवीन माणसं बरोबर आणतात, गाड्या बदलतात, मालक बदलतात. रस्ता पुन्हा मोकळा झाला.

काल रविवार, जिन बंद. सुलोचना म्हणाली, "पाणी तं लागनच." मी आमचा स्टूल उचलला आणि तुमच्या जागी जाऊन बसलो. भाभींनी दारातून पाहिलं, काही विचारलं नाही. थोड्या वेळाने टरपाल आणून बाजूला ठेवली.

पहिला ट्रक आला. मी हात वर केला. तो थांबला नाही. वाऱ्याने स्टूल हलला आणि मी विहिरीचा काठ धरला. एवढ्याशा जागेत बसून तुम्ही गाणी म्हणायचात, रहीमभाई? मला तर चाक सुटून येतंय असंच दिसत होतं. दुसऱ्याला मी काही ओरडायला गेलो, पण काय ओरडायचं ते सुचलं नाही. तुमच्यासारखं बाहीचं खोटं मला बोलता येत नाही.

तिसरा ट्रक हळू झाला आणि थांबला. ड्रायव्हर माझ्याएवढाच, दाढीत पांढरं. हैदराबादकडचा असावा.

"चाचा किधर है?"

त्याला कळलंच नव्हतं. मोठ्या खेपेवरून परत येत होता. मी सांगितलं. त्याने इंजिन बंद केलं. खाली उतरला, गादीच्या मागून एक फाटलेली खोळ काढली, ती घडी करून परत ठेवली. तुमच्या दारापाशी जाऊन मान खाली घालून उभा राहिला. आतून भाभींचा आवाज आला, "चाय पीके जाना, बेटा." तो तिथेच पायरीवर बसला आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "आप काँटेवाले बाबू हैं ना?"

"हो."

"चाचा आपकी बात करते थे."

मी विचारलं, काय म्हणायचे. मला वाटलं, थट्टाच असणार. गाडीला काट्यावर चढवतो, वगैरे.

तो म्हणाला, "बोलते थे, बाबू बहुत डरता है मेरे लिए. मुँह से नहीं बोलता. सुबह जाते वक्त पलटके देखता है."

चहा आला. तो पिऊन त्याने पेला विहिरीवर धुऊन पायरीवर पालथा ठेवला. मग रस्त्याकडे पाहत म्हणाला, "मैं तो धीरे जाऊँगा. दूसरों को कौन बोलेगा?"

त्याच्या ट्रकचा नंबर मला पाठ होता. कितीदा तरी मी तो पाहिला असेल. मी विचारलं, "तुमचं नाव काय?"

त्याने सांगितलं. गाव सांगितलं. दोन मुलं, मोठी सुजाताएवढी. मी तिचंही नाव विचारलं. मग तो निघाला, पहिल्या गिअरमध्ये, वळण संपेपर्यंत.

सुजाता घागर घेऊन पलीकडे आमच्या दारात उभी होती. तिने पाय रस्त्यावर टाकला तोच वळणापलीकडे दुसरा हॉर्न वाजला, लांब, न थांबणारा. मी इकडूनच तिला हाताने मागे व्हायची खूण केली आणि उठलो. दोन पावलं रस्त्यात गेलो आणि हात वर केला. येणारा कोण आहे, मला माहीत नव्हतं.